औषधाच्या लेबलवर खोटा दावा: एफडीएकडे टिकेल अशी तक्रार कशी करावी

मागच्या पावसाळ्यात एक मावशी गुडघेदुखीच्या चूर्णाची बाटली घेऊन आल्या. चूर्ण घेतलं की दोन तासांत दुखणं पळायचं. चार महिन्यांत चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली. चूर्णात स्टेरॉइड मिसळलं असावं हा संशय अगदी रास्त होता. पण बाटली त्यांनी घासून, उन्हात वाळवून आणली होती आणि लेबल भिजून अर्धं निघालं होतं. खोका रद्दीत गेलेला. बिल घेतलंच नव्हतं. त्यात आदल्या दिवशी मुलगा दुकानदाराशी भांडून आला होता, त्यामुळे दुकानातल्या उरलेल्या बाटल्याही रातोरात नाहीशा झाल्या. अधिकाऱ्याच्या हातात द्यावं असं काही उरलंच नाही.

एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, अशा तक्रारी लिहायला मी लोकांना मदत करतो. बहुतेकांचं म्हणणं खरं असतं, तरी तक्रार पडते, कारण क्रम चुकतो. म्हणून इथे क्रमच सांगतो. कायदे केंद्राचे आहेत, ते देशभर लागू आहेत. कार्यालयांची माहिती मुख्यतः महाराष्ट्राची दिली आहे.

आधी एक शब्द नीट समजून घ्या: 'पेटंट'

'पेटंट औषध' म्हटलं की लोकांना वाटतं सरकारने तपासून शिक्का मारलेलं औषध. तसं नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये आयुर्वेदिक 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी' औषध म्हणजे घटक मान्य ग्रंथांतले, पण त्यांचं मिश्रण कंपनीने स्वतः जुळवलेलं. पेटंट कार्यालयाशी त्याचा संबंध नाही. तसंच 'आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त' या शब्दांचं. मंत्रालय एकेका औषधाला मान्यता देत नाही. उत्पादनाचा परवाना राज्याचा परवाना अधिकारी देतो. मंत्रालयाच्या मान्यतेचे असे शब्द लेबलवर दिसले तर तेही तक्रारीत घ्या.

## १. पहिल्या दिवशी डॉक्टर, तक्रार नंतर

संधिवात, दमा, त्वचारोग यांवरच्या काही 'हर्बल' औषधांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. मधुमेहाच्या चूर्णात ग्लिबेनक्लामाइड, 'ताकदीच्या' गोळ्यांत सिल्डेनाफिल, वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन. ही सगळी ॲलोपॅथिक औषधं. यातलं सिब्युट्रामिन तर भारतात २०११ पासून बंद आहे.

सावधान: महिनोन्‌महिने घेतलेलं औषध संशय येताच एकदम बंद करू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. बाटली घेऊन एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरकडे जा आणि 'हे मी इतके महिने घेतोय' हे स्पष्ट सांगा. लाजू नका. डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलं नाही, असं सांगणारे मला अनेक भेटतात.

डॉक्टरांकडून केसपेपरवर तीन गोष्टी लिहून घ्या: औषधाचं नाव व बॅच नंबर, किती दिवस घेतलं, काय लक्षणं दिसली. 'रुग्ण आयुर्वेदिक औषध घेत होता' एवढंच लिहिलेलं कागदावर काही सिद्ध करत नाही. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो. ही नोंद म्हणजे तक्रार नव्हे, पण तारखेसह एक स्वतंत्र कागद तयार होतो.

## २. वस्तू जपा, आणि तोंड बंद ठेवा

दुकानदाराला जाब विचारायचा नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करायचा नाही. हे सगळं नंतर करता येतं, आधी केलं तर माल हलतो.

तुमची उघडलेली बाटली कायद्याच्या दृष्टीने फक्त माहिती आहे. खटला उभा राहतो तो औषध निरीक्षकाने स्वतः, ठरलेल्या पद्धतीने घेतलेल्या सीलबंद नमुन्यावर. तो नमुना दुकानात त्याच बॅचचा माल शिल्लक असेल तरच मिळणार.

करायचं ते असं:

- उघडलेली बाटली आहे तशी, झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पुसू नका, दुसऱ्या डब्यात ओतू नका.
- खोका, आतला माहितीचा कागद, सोबत दिलेलं पत्रक, सगळं त्याच पिशवीत.
- त्याच दुकानातून त्याच बॅचची एक न उघडलेली बाटली पक्कं बिल घेऊन विकत घ्या. बिलावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर लिहून मागा. घरच्या दुसऱ्या माणसाला पाठवलं तर बरं.
- ऑनलाइन घेतलं असेल तर इनव्हॉइस, ऑर्डर क्रमांक, विक्रेत्याचं नाव आणि जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटमध्ये पानाचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे.

फोटो काढताना बाटली हळूहळू फिरवत सगळ्या बाजू घ्या. तळाशी किंवा झाकणावर छापलेला बॅच नंबर बहुतेकांकडून सुटतो. फोटो ज्या मोबाइलवर काढले त्यातून मूळ फाइल पुसू नका. फॉरवर्ड होऊन आलेल्या प्रतीला पुराव्यात फारसं वजन नसतं.

तपासणी: बिल, सीलबंद बाटली आणि उघडलेली बाटली, तिन्हींवरचा बॅच नंबर एकच आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. दोन बॅच म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी.

## ३. लेबल भिंग घेऊन वाचा

तक्रारीचं खरं काम इथे होतं. घाई इथेच होते आणि अर्ज इथेच कच्चा राहतो. वही घ्या आणि लेबलवर आहे ते आणि नाही ते, दोन रकाने करा.

औषधे नियमावलीतला नियम १६१ सांगतो की आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटकांची खरी यादी हवी: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला, किती प्रमाणात. यादी लांब असेल तर ती आतल्या कागदावर चालते. त्याशिवाय औषधाचं नाव, निव्वळ वजन किंवा माप, उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द. मुदत संपण्याची तारीखही हवी. औषध फक्त वरून लावायचं असेल तर तसं छापलेलं हवं.

एक गोष्ट खास बघा. बिब्बा, धोत्रा, गुंज, कुचला, बचनाग, हिंगूळ असे पदार्थ नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे विषारी पदार्थांच्या यादीत, आहेत. त्यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणं बंधनकारक आहे. घटकांच्या यादीत 'भल्लातक' आहे पण सूचना नाही, असं दिसलं की तुमची तक्रार तिथेच उभी राहते, प्रयोगशाळेची गरजच नाही. भल्लातक म्हणजेच आपला बिब्बा, हे मात्र अर्जात लिहा. वाचणाऱ्याचं काम सोपं करावं.

आता उत्पादक कोण ते शोधा. मोठ्या अक्षरात ज्या कंपनीचं नाव असतं ती बऱ्याचदा फक्त विकणारी असते, 'मार्केटेड बाय'. खाली बारीक अक्षरात 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' असतं आणि पत्ता दुसऱ्याच राज्यातला निघतो. परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा अधिकार त्या राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे आहे. आपली एफडीए इथे नमुना घेऊ शकते, खटला भरू शकते आणि तिकडे कळवू शकते. अर्जात दोन्ही नावं, दोन्ही पत्ते हवेत.

सावधान: लेबलवर १४ अंकी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने अन्न आहे, औषध नाही. कॅप्सूल असो की सिरप. अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापायचं असतं आणि रोग बरा करण्याचा दावा करताच येत नाही. ही तक्रार एफडीएच्याच पण अन्न शाखेकडे, सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे जाते. औषध शाखेत दिलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. परवाना क्रमांक औषधाचाही नाही आणि अन्नाचाही नाही, अशी बाटली हाती आली तर ते ठळकपणे पहिल्याच ओळीत लिहा.

बाजाराच्या दिवशी लेबल नसलेल्या पुड्या बांधून देणारा भोंदू ही वेगळी गोष्ट आहे. त्याच्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस.

## ४. खोटेपणा कुठला ते ठरवा

'हे औषध बोगस आहे, कारवाई करा.' अर्जांत सर्रास दिसणारं हे वाक्य निरुपयोगी आहे. बोगस म्हणजे नेमकं काय, हे ठरवल्याशिवाय अधिकारी कुठलं कलम लावणार?

(क) मिथ्याछाप. लेबलवर, डब्यावर किंवा सोबतच्या कागदावर खोटा वा दिशाभूल करणारा मजकूर आहे, किंवा लेबल नियमाप्रमाणे नाही. १९४० च्या कायद्यात आयुर्वेदिक औषधासाठी कलम ३३-ई, ॲलोपॅथिकसाठी कलम १७.

(ख) भेसळयुक्त किंवा बनावट. आत दुसरंच औषध आहे, किंवा दुसऱ्या कंपनीच्या नावाने, खोट्या नावाने बनवलं आहे. आयुर्वेदिकसाठी ३३-ईई आणि ३३-ईईए, ॲलोपॅथिकसाठी १७-ए आणि १७-बी.

(ग) आक्षेपार्ह जाहिरात. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. याच्या अनुसूचीत ५४ नोंदी आहेत: मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, रक्तदाब, हृदयरोग, फिट्स, पक्षाघात, संधिवात, मुतखडा, कोड, स्थूलता, उंची वाढवणं, वंध्यत्व वगैरे. यांवर उपचार होतो अशी जाहिरात जनतेसाठी करताच येत नाही. औषध खरंच गुण देतं की नाही, हा प्रश्नच येत नाही.

फार थोड्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट: या १९५४ च्या कायद्यात 'जाहिरात' शब्दात लेबल आणि वेष्टनही येतं. तोंडी केलेली घोषणासुद्धा येते. म्हणजे खोक्यावर 'मधुमेह मुळापासून बरा' छापलं असेल किंवा गाडीवरून भोंगा लावून ते ओरडत असतील, दोन्ही जाहिरातच.

माझा सल्ला असा की (क) आणि (ग) नेहमी पुढे ठेवा. ते कागदावर दिसतात, प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. (ख) चा संशय वेगळ्या परिच्छेदात लिहा आणि त्यात लक्षणं द्या. का, ते सांगतो. सरकारी प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाला काय शोधायचं हे कळलं तरच ते सापडतं. 'दोन तासांत आराम, चार महिन्यांत चेहरा गोल' वाचलं की तो स्टेरॉइड शोधेल. नुसतं 'तपासून द्या' लिहिलं तर शिसं, पारा, जंतू तपासून अहवाल 'प्रमाणित' येऊ शकतो.

नेहमीची चूक: खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून उघडलेली बाटली तपासून घेणं. संशयाला आधार म्हणून तो अहवाल जोडता येतो, पण खटल्यात शासकीय विश्लेषकाच्या अहवालाची जागा तो घेत नाही. शिवाय त्यात औषध संपतं आणि आठवडे जातात. ॲलोपॅथिक औषध असेल तर १९४० च्या कायद्याच्या कलम २६ खाली कुणीही ग्राहक स्वतः विकत घेतलेलं औषध ठरावीक शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, अर्जाचा फॉर्म १४-ए. आयुर्वेदिकच्या प्रकरणात ही सोय दिलेली नाही. तिथे निरीक्षकाचीच वाट.

नियम १७० चा, म्हणजे आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीला आधी परवानगी घ्यायच्या नियमाचा, उल्लेख काही जण इंटरनेटवर वाचून अर्जात टाकतात. तो टाळा. १ जुलै २०२४ ला केंद्राने तो वगळण्याची अधिसूचना काढली आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. तुमच्या अर्जाला १९४० आणि १९५४ चे कायदे पुरेसे आहेत.

## ५. अर्ज: दीड पान, त्याहून जास्त नाही

मजकूर साधारण असा ठेवा:

> प्रति, सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन, (जिल्हा).
>
> विषय: (औषधाचे नाव), बॅच क्र. ___, या औषधाच्या लेबलवरील खोट्या दाव्याबाबत व त्यात ॲलोपॅथिक औषध मिसळल्याच्या संशयाबाबत.
>
> १. सदर औषध मी दि. ___ रोजी (दुकान, पूर्ण पत्ता) येथून बिल क्र. ___ ने विकत घेतले. उत्पादक: ___. विक्री करणारी कंपनी: ___. परवाना क्र. ___.
>
> २. लेबलवर पुढील शब्द छापलेले आहेत: "___". हा दावा १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीतील रोगाबाबत आहे.
>
> ३. लेबलवर पुढील बाबी नाहीत: ___.
>
> ४. औषध दि. ___ पासून दि. ___ पर्यंत घेतले. दिसलेली लक्षणे: ___. डॉक्टरांच्या केसपेपरची प्रत जोडली आहे.
>
> ५. त्याच बॅचचा माल दि. ___ रोजी सदर दुकानात विक्रीस होता. दुकानातून विनाविलंब नमुना घ्यावा, ही विनंती.
>
> ६. माझ्याकडे त्याच बॅचची एक सीलबंद बाटली असून ती मागितल्यावर दाखवीन.

दावा उतरवताना लेबलवरचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत, चुकीच्या शुद्धलेखनासह. 'शुगर बरी करतो असं लिहिलंय' हे तुमचे शब्द झाले, त्यांचे नाहीत.

पाचवा मुद्दा सर्वांत मोलाचा, आणि लोक नेमका तोच विसरतात.

काय लिहू नये: कंपनीच्या मालकाबद्दल ऐकीव गोष्टी, अधिकाऱ्यांवर आरोप, 'दुकानाचा परवाना रद्द करा' ही मागणी. ही मागणी तर आयुर्वेदिक औषधापुरती पोकळच आहे, कारण ते विकायला दुकानाला वेगळा औषध विक्री परवाना लागतच नाही. किराणा दुकानातही ते मिळतं ते त्यामुळेच.

तपासणी: अर्ज शेजारच्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, 'निरीक्षकाने कुठे जायचं, काय उचलायचं?' त्याला उत्तर देता आलं नाही तर पुन्हा लिहा.

## ६. द्यायचा कुठे

ज्या जिल्ह्यातून औषध घेतलं तिथल्या एफडीए कार्यालयात, हातोहात. दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. मूळ बिल आणि बाटली टेबलावर सोडून येऊ नका. निरीक्षकाने ताब्यात घेतली तर लेखी पावती मागा. टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. माल हलण्याची भीती असेल तर आधी फोन, मग अर्ज. मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पण थेट तिथे पाठवलेला अर्ज शेवटी जिल्ह्यातच येतो. गोव्यात बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात.

टीव्ही, वर्तमानपत्र किंवा यूट्यूबवरच्या जाहिरातीसाठी आयुष मंत्रालयाचं 'आयुष सुरक्षा' पोर्टल मे २०२५ पासून सुरू आहे. त्याआधी २६ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या कायद्याखालच्या तक्रारींसाठी यंत्रणा उभारायला राज्यांना सांगितलं होतं. या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यातही जाता येतं. मात्र ठाणे अंमलदाराने 'हे एफडीएचं काम' म्हणून परत पाठवायची शक्यता धरून चला.

## ७. निरीक्षक आल्यावर काय घडतं

हे माहीत असलं की उगाच संशय येत नाही. निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, त्याची रास्त किंमत देतो आणि नमुना घेतल्याची सूचना फॉर्म १७ मध्ये लेखी देतो. नमुन्याचे चार भाग करून सील होतात. एक दुकानदाराकडे राहतो, एक शासकीय विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी, एक दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतला त्याच्यासाठी. बाटली लहान असेल तर चार बाटल्या उचलतात. उरलेला माल वीस दिवसांपर्यंत विकू नये असा लेखी आदेशही तो देऊ शकतो.

अहवाल विरुद्ध गेला तर समोरच्याला तो मिळाल्यापासून २८ दिवसांत आव्हान देता येतं. म्हणून महिनाभर काही हललेलं दिसलं नाही तर 'मॅनेज झालं' असं समजू नका.

आयुर्वेदिक औषधाच्या प्रकरणात न्यायालयात फिर्याद फक्त निरीक्षकच, वरिष्ठांच्या पूर्वमंजुरीने, दाखल करू शकतो. तुम्हाला थेट जाता येत नाही. ॲलोपॅथिक औषधात बाधित व्यक्तीला आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला तो अधिकार आहे. तुमच्या कागदांचा भक्कमपणा म्हणजेच निरीक्षकाच्या फाइलचा भक्कमपणा, तो याच कारणाने.

## ८. पाठपुरावा आणि पैसे

एक महिना थांबा. मग आवक क्रमांक देऊन लेखी विचारणा करा. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका. कागद मागा: नमुना घेतल्याची तारीख, विश्लेषकाच्या अहवालाची प्रत, उत्पादकाला पाठवलेल्या नोटिशीची प्रत, दुसऱ्या राज्याच्या परवाना अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राची प्रत. 'का' ला उत्तर मिळत नाही, कागदाला मिळतं.

एफडीए तुम्हाला औषधाचे किंवा उपचाराचे पैसे परत देत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. औषधाची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. इथे डॉक्टरांचा केसपेपर, रुग्णालयाची बिलं आणि पहिल्या दिवशी जपलेलं ते पक्कं बिल लागतं. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. विश्लेषकाचा अहवाल हाती आला असेल तर तो जोडा, पण त्याच्यासाठी दोन वर्षं वाट बघत बसू नका. अहवाल नंतरही दाखल करता येतो, मुदत मात्र निघून जाते.